ज्वारीची बाळं

माझ्या वर्गात दरवर्षी डिसेंबरात चाळीसेक तान्ही बाळं असायची. ज्वारीची. जुन्या परकरांच्या, पडद्यांच्या कापडाच्या पिशव्या, आत ज्वारी, तोंडाला सुतळी. प्रत्येक पिशवी कुणाच्या तरी जन्माच्या वजनाएवढी. पहिलीतलं मूल आपली पिशवी मांडीवर घ्यायचं आणि स्वतःलाच जोजवत बसायचं.

नोकरीची सगळी वर्षं मी पहिलीलाच शिकवलं. मला वरचा वर्ग द्या असं मी कधी म्हटलं नाही आणि घ्या असं मला कुणी म्हटलं नाही. दोन्हीकडून बरं चाललं होतं. घर कर्वेनगरला, शाळा खराडीला. म्हणजे पुण्याचं एक टोक ते दुसरं, मध्ये एक बस बदलायची. शेजारच्या वहिनी विचारायच्या, "रोज एवढ्या लांब कशाला जाता हो?" मी म्हणायचे, "शाळा तिथे आहे म्हणून."

मी गेले तेव्हा वर्गाच्या खिडकीतून शेतं दिसायची. पुढे शेतात खांब आले, खांबांना भिंती आल्या, भिंतींना काचा लागल्या. दिवसा समोरच्या इमारतीच्या काचांवरून ऊन परतायचं आणि आमच्या छतावर पाण्यासारखं हलत राहायचं. मुलं मान वर करून त्याच्याकडे बघायची. मीही बघायचे. अभ्यासक्रमात त्याला तास नव्हता, पण आम्ही काढायचो.

पहिलीचं मोजमाप म्हणजे मुलाच्या हातात फूटपट्टी द्यायची आणि 'शून्यापासून धर' म्हणायचं, असं बाहेरच्यांना वाटतं. तसं केलं की मूल आकडा वाचायला शिकतं, मोजायला नाही. आम्ही वितीपासून सुरुवात करायचो. एकाच बाकाची लांबी सागरच्या विती नऊ सांगायच्या, अस्माच्या अकरा. मग भांडण. खोटं कोण बोलतंय? दोघंही पुन्हा मोजणार, पुन्हा नऊ आणि पुन्हा अकरा. मी मध्ये पडायचे नाही, शेवग्याच्या शेंगा सोलायला बसल्यासारखी शांत बसायचे. शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "आपण सगळ्यांनी एकाच्याच वितीनं मोजू या." मीटर का लागतो, ते त्या क्षणी त्यांना कळलेलं असायचं. मग फूटपट्टी बाहेर काढायची.

काळ मोजणं याहून अवघड. सहा वर्षांच्या माणसाला होऊन गेलेलं सगळं 'काल' असतं. "बाई, काल मी आईच्या पोटात होतो तेव्हा..." असं एक मूल अगदी सहज सांगायचं. त्यात आपली भाषा अशी, की परवा म्हणजे दोन दिवसांमागचाही आणि दोन दिवसांनी येणाराही. एकदा एका मुलीनं मला विचारलं, "बाई, परवा झाला की येणारे?" बराच विचार करून मी म्हटलं, "दोन्ही." तिचं समाधान झालं. माझं अजून झालेलं नाही.

म्हणून मी काळ आणि वजन एकत्र आणलं. घरी चिठ्ठी द्यायची: मूल जन्मलं तेव्हाचं वजन लिहून पाठवा. चिठ्ठ्या आल्या की तराजू मांडायचा. तराजू गावातल्या किराणा दुकानातला. आधी मी तो आठवडाभर मागून आणायचे, पुढे दुकानदारांनी विजेचा काटा घेतला तेव्हा म्हणाले, "न्या बाई, आता याच्याकडं कुणी बघत नाय." विजेच्या काट्यावर आकडा झटकन उमटतो आणि मुलाला काहीच कळत नाही. तराजूचं पारडं आधी जमिनीला टेकतं, मग अनमान करतं, मग हळूच वर येतं. त्या वर येण्याकडे चाळीस मुलं श्वास धरून बघायची. ज्वारी मांजरी गावातले एक पालक पोतंभर द्यायचे. त्यांच्या रानात सोसायटी उभी राहिल्यावर आम्ही दुकानातून आणायला लागलो. पिशव्या शाळेतल्या लताबाई मावशींनी शिवलेल्या.

पिशव्या भरून झाल्या की मधल्या सुट्टीनंतरचा एक तास मी राखून ठेवायचे. त्या तासाला मी फक्त एवढंच सांगायचे, "हे तुम्ही आहात, जन्मलात त्या दिवशीचे. नीट धरा." बस्स. वर्गात इतकी शांतता कधीच नसायची. छतावर ऊन हलत असायचं आणि मुलं आपापल्या पिशवीशी कुजबुजत असायची. मी बाकांमधून हळूहळू फिरत ऐकायचे. "घाबरू नको, तुला दात येणारेत." "तुझी आज्जी आहे ना, ती तुला बर्फी देईल, पण आईला सांगू नको." "पहिलीत बाई ओरडतात, पण मारत नाहीत." तासाच्या शेवटी चार-पाच जण पिशवीवर गाल टेकून झोपलेले असायचे. मी त्यांना उठवायचे नाही. घंटा उठवायची.

मजाही व्हायच्या. एका वर्षी ओजस नावाचा मुलगा आला, अमेरिकेत जन्मलेला. त्याचे वडील समोरच्याच काचेच्या इमारतीत कामाला. त्यांनी चिठ्ठीऐवजी संगणकावर काढलेला तक्ता पाठवला. आठवड्या-आठवड्याचं वजन, रंगीत रेघांसकट. जन्माचं वजन सात पौंड चार औंस. पौंड हा शब्द ऐकताच वर्ग उसळला, कारण पौंड म्हणजे केक, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "सात पौंडांचा केक!" ओजसचं त्या दिवसापासून तेच नाव पडलं. दुसऱ्या दिवशी वडील तराजू बघायला आले. दांडी न्याहाळत म्हणाले, "मॅडम, हा कॅलिब्रेट कधी केला होता? म्हणजे, अचूक दाखवतो का ते तपासून?"

मी म्हटलं, "आपला मुलगा बसवून बघू या का?"

ते हसले आणि गेले. चांगले गृहस्थ होते. ओजसही त्यांच्यासारखाच, सगळं नीट पडताळून बघणारा. तो पुढे येणारच आहे.

पण त्याआधी मला माझी एक चूक सांगायला हवी. हा उपक्रम मी सुरू केला त्या पहिल्या वर्षीची. वर्गात रेश्मा नावाची मुलगी होती. आईवडील बांधकामावर, मूळचे लातूरकडचे. तिची चिठ्ठी कोरी आली. आई दारात येऊन सांगून गेली, "घरीच झाली बाई. कोण मोजतंय?" सगळ्यांच्या पिशव्या भरून झाल्या होत्या आणि रेश्मा रिकामी पिशवी घेऊन उभी. घंटेला पाच मिनिटं होती. मी तिच्या चिठ्ठीवर लिहिलं, अडीच किलो. बहुतेक बाळं तेवढी असतात, असं मी स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर पोत्यात तेवढीच ज्वारी उरली होती.

रेश्मा खूश झाली. मीही विसरले.

खूप वर्षांनी संध्याकाळच्या बसमध्ये एक तरुण मुलगी माझ्यासाठी जागेवरून उठली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "बाई, ओळखलंत का? मी रेश्मा." खराडीतल्याच एका कॉल सेंटरमध्ये होती, बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परत कामावर आलेली. मोबाइलमध्ये बाळाचा फोटो दाखवला. मग म्हणाली, "आणि बाई, तुम्हांला सांगायचंच होतं. तिचं वजन किती भरलं माहितेय? अडीच किलो! एक्झॅक्ट माझ्याएवढं! डॉक्टरांनी सांगितलं ना, तेव्हा मी रडलेच. सासूबाईंना म्हटलं, बघा, माझीच आहे."

मी म्हटलं, "अगं वा."

दुसरं काय म्हणणार होते? हडपसरला ती उतरून गेली. मी माझ्या थांब्याच्या पुढे दोन थांबे गेले आणि चालत परत आले. चालताना मनात एवढंच होतं, की त्या मुलीनं आयुष्यभर जपलेला आकडा मी पोत्याच्या तळातून काढून दिला होता. त्या दिवशी मी ठरवलं, यापुढे कुणाच्याही चिठ्ठीवर माझ्या मनाचा आकडा लिहायचा नाही.

रेश्मा बसमध्ये भेटली त्याच वर्षी माझ्या वर्गात ओजस होता आणि प्रज्ञा मेश्रामही.

लहानखुरी, लांब वेण्यांची, बोलण्यापेक्षा बघणारी मुलगी. आईवडील भंडाऱ्याकडून आलेले. वडील एका आयटी पार्कच्या फाटकावर सुरक्षारक्षक, आई दोन घरी स्वयंपाक करायची. घर दीड खोलीचं, पण प्रज्ञाच्या वह्यांना कव्हरं असायची आणि प्रत्येक कव्हरावर वडिलांच्या सुरेख अक्षरात नाव. चिठ्ठी मात्र तिनं कोरीच आणली.

"घरी विचारलंस का?" मी म्हटलं.

"आईला माहीत नाही. बाबा ड्यूटीवर होते." मग थोडं थांबून तिनंच उत्तर शोधलं. "बाई, मला वजन नव्हतंच. मी तशीच आले."

मी काही बोलायच्या आत शेजारची अस्मिता म्हणाली, "मग तू उडत असशील!"

सगळ्या वर्गाला ते एकदम पटलं. वजन नाही म्हटल्यावर उडणारच. प्रज्ञाला घरात कसं ठेवलं असेल, याची चर्चा सुरू झाली. पंख्याला लागू नये म्हणून पंखा बंद ठेवला असेल. पायाला दोरी बांधली असेल. खिडकी उघडी राहिली असती तर ती थेट विमानतळावर गेली असती. चित्रकलेच्या तासाला सहा-सात जणांनी तेच काढलं: कौलांच्या वर तरंगणारं बाळ, खाली हात पसरून धावणारे बाबा. प्रज्ञा लाजून हसत होती. दोन दिवस ती वर्गाची राणी होती. मीही ते मोडलं नाही. वडिलांना विचारू, मग बघू, तोवर उडू दे, असं मनात म्हटलं. इतकं सुंदर चाललेलं थांबवायला जीव होईना.

तिसऱ्या दिवशी ओजसनं हात वर केला. त्यात दुष्टपणा जराही नव्हता. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

"बाई, शून्य म्हणजे काहीच नाही ना?"

आदल्याच आठवड्यात मी शून्य शिकवलं होतं. रिकामा डबा दाखवून, चाळीस तोंडांकडून वदवून घेतलं होतं: शून्य म्हणजे काहीच नाही.

"हो," मी म्हटलं.

"मग प्रज्ञाचं वजन शून्य होतं, म्हणजे प्रज्ञा नव्हतीच."

वर्गानं माझ्याकडे पाहिलं. प्रज्ञानं आपल्या हातांकडे पाहिलं, आधी एका बाजूनं, मग उलटे करून. मी घाईघाईनं काहीतरी सांगितलं, मोजलं नाही म्हणजे नव्हतं असं नसतं वगैरे. मोठ्यांचं वाक्य होतं ते. कुणापर्यंत पोचलं नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना "प्रज्ञा मेश्राम" म्हटलं तर उत्तर नाही. मान वर केली तर ती जागेवर बसलेली.

"प्रज्ञा, हजर म्हण."

तिनं नकाराची मान हलवली. मी हजेरीची खूण केली. तेव्हा ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, खरं माहीत नसताना लिहू नका ना."

तिला रेश्माची गोष्ट माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. मी हजेरीपट मिटला. पुढचे दोन तास मी काय शिकवलं, मला आठवत नाही. सगळी मुलं आपापल्या पिशव्या कुरवाळत होती आणि ती रिकामी पिशवी घडी घालून दप्तराखाली ठेवून बसली होती.

शाळा सुटल्यावर मी फाटकाशी थांबले. तिला न्यायला वडील आले, गणवेशात, टोपी काखेत. मला थांबलेलं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काही चुकलं का जी पोरीचं?"

"तिचं नाही, माझं चुकलंय," मी म्हटलं. "मेश्राम, आपण उद्या वर्गात येऊ शकाल का? तिच्या जन्माच्या वेळचं वजन हवं आहे."

त्यांनी प्रज्ञाकडे बघितलं. मग म्हणाले, "आकडा नाही जी मले माहीत. दवाखान्यात नर्सबाईनं काट्यावर ठेवलं होतं, कागदावर लिहिलंही होतं. तो कागद इकडं येताना हरवला. आणि तवा म्या आकडा विचारलाच नाही. पोर जगन का, एवढंच विचारलं."

ते निघाले, चार पावलं गेले आणि वळले. "आकडा नाही माहीत, बाई. पण वजन हाताले माहीत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी ते आले. बूट दाराबाहेर काढले. मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसा म्हटलं तर जमिनीवर मांडी घालून बसले. मुलं त्यांच्या खांद्यावरची पट्टी आणि शिट्टी बघत होती. मी सांगितलं, हे प्रज्ञाचे बाबा, ते हातानं वजन ओळखतात.

ओजसचा हात वर. "कसं काय?"

"पुण्याला यायच्या आधी राईस मिलमधी हमाल होतो," मेश्राम म्हणाले. "धानाची पोती उचलायची. काट्यावर टाकायच्या आधी हाताले समजते."

ओजसला हे असंच मान्य होणार नव्हतं. त्यानं आपलं दप्तर आणून दिलं. मेश्रामांनी ते एका हातावर तोललं, डोळे बारीक केले. "अडीच. थोडं वर." मी तराजूत टाकलं. अडीच आणि वर शंभर. वर्गातून "आऽऽ" असा आवाज निघाला. मग पाण्याची बाटली, मग लताबाईंच्या हातातली पितळी घंटा, मग दोन डबे एकदम. तराजू दर वेळी त्यांच्या बाजूनं साक्ष देत होता. ओजस माझ्याजवळ येऊन कानात म्हणाला, "बाई, हे कॅलिब्रेटेड आहेत."

मग मी प्रज्ञाला तिची रिकामी पिशवी आणायला सांगितलं. आम्ही तीत भरपूर ज्वारी भरली आणि वडिलांच्या हातात दिली. त्यांनी ती हातावर तोलली नाही. आधी शर्टाचं वरचं बटण काढलं, पिशवी छातीशी आडवी धरली, एक तळवा खालून, एक पाठीला असतो तसा. आणि डोळे मिटले.

"लई जास्त हाय. काढा."

प्रज्ञानं एक मूठ काढली.

"अजून."

पुन्हा एक मूठ. मुलं गोल करून बसली होती. कुणी हलत नव्हतं. डोळे मिटलेलेच ठेवून ते बोलत होते, मुलांशी की स्वतःशी, कळत नव्हतं. "थंडीचे दिवस होते. धान कापून झालं होतं. ही दीड महिना आधीच आली, घरीच. हिच्या आईले झटके येऊन राहिले होते. गावात एकच जीप. तीत आईले टाकून नागपूरले नेलं. ही तिथवर टिकणार नाही, तालुक्याच्या दवाखान्यात न्या, असं सुईण म्हणे. मंग हिले कोण नेन? म्या शर्टात घातली अन् चालत निघालो. नऊ किलोमीटर... काढ बेटा, अजून एक मूठ... धुकं होतं. पुढचं झाड दिसत नव्हतं. ही रडत नव्हती, काहीच नाही. मले वाटे, थांबून पाहावं. पण थांबलो अन् काही झालेलं असलं तर? म्हणून थांबलोच नाही. नुसतं वजन हाय का, एवढं पाहत होतो. वजन हाय, म्हणजे ही हाय."

प्रज्ञाची मूठ पिशवीत होती. ती बाहेर काढून तिनं अर्धी ज्वारी परत आत सोडली.

"बस्स," मेश्राम म्हणाले. "हेच."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. समोरच्या काचांवरचं ऊन एव्हाना छतावर आलं होतं आणि सगळा वर्ग त्या उजेडात बुडाल्यासारखा बसला होता. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. काळ मोजणं अवघड, असं मी वर म्हटलंच आहे.

मग पिशवी तराजूत ठेवली. एक किलोचं वजन टाकलं, पारडं वर गेलं नाही. दोनशे टाकले. आणखी दोनशे टाकले. दांडी थरथरली आणि आडवी स्थिर झाली.

"एक किलो चारशे," ओजसनं वाचलं. मग त्यानं आपली पिशवी उचलून प्रज्ञाच्या पिशवीशेजारी ठेवली. त्याची दुपटीहूनही मोठी. दोन्हींकडे बराच वेळ बघून तो म्हणाला, "होती. पण एवढीशी होती." आणि प्रज्ञाला विचारलं, "मी धरून बघू?"

"हात धुऊन ये," प्रज्ञा म्हणाली.

ती पिशवी मग चाळीस मांड्यांवरून फिरली. इतक्या जपून मुलांना काही धरताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. प्रज्ञा प्रत्येकाशेजारी उभी राहून 'मान धर, मान धर' असं सांगत होती. पिशवीला मान कुठली हे कुणीही विचारलं नाही, ओजसनंही नाही.

मेश्राम बूट घालायला बाहेर गेले, त्यांना उशीर झाला होता. मी दारापर्यंत गेले. खरं तर मला त्यांना विचारायचं होतं, की मी एका मुलीला चुकीचं वजन दिलंय, आता काय करू. विचारलं नाही. रेश्माला आजवर सांगितलेलं नाही. तो आकडा आता तिच्या मुलीचाही आहे. तो परत मागायला मी जाणार नाही, आणि हे लिहिलेलं तिनं वाचलं तर तिनं मला जे म्हणायचं ते म्हणावं. तो भार माझ्याकडेच राहू दे.

मेश्राम नाडी बांधत म्हणाले, "बाई, एक मागू का जी?"

"बोला ना."

"ती पिशवी आज घरी नेऊ का? उद्या आणून देतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिच्या आईनं हिले एवढीशी पाहिलीच नाही. ती नागपूरले, ही तालुक्याच्या दवाखान्यात, मंग आत्याकडे. दोघींची भेट झाली तवा दोन महिने उलटले होते. ही गुटगुटीत झाली होती. आई म्हणे, ही माहीच का?"

मी पिशवी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती डब्याच्या पिशवीत ठेवायला घेतली, पुन्हा बाहेर काढली आणि काखेतल्या टोपीत ठेवली. टोपी दोन्ही हातांत धरून ते फाटकातून बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञाला सोडायला आई आली. वर्षभरात मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. सकाळची कामं असायची, एरवी जमायचं नाही. हातात पिशवी होती. तिनं ती मला दिली आणि म्हणाली, "रात्रभर जवळ घेतली, बाई."

एवढंच बोलून ती थांबली. तिला आणखी काही म्हणायचं असावं. मुलं आत जात होती, दप्तरं दारावर आपटत होती. प्रज्ञा आईचा हात सोडून वर्गात शिरायला निघाली, तेवढ्यात आईनं तिला मागून धरलं आणि उचललं. सहा वर्षांची, लांब पायांची, दप्तरासकट. प्रज्ञाचे बूट आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. आईनं तिला कडेवर घेतलं, एकदा सावरलं आणि तशीच दारात उभी राहिली, डोळे मिटून.

"आई, सोड ना," प्रज्ञा कुजबुजली. "सगळे बघतायत."

"बघू दे," आई म्हणाली.

लताबाई घंटा हातात घेऊन माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना थांबायची खूण केली.